कार्ड दाखवा, मगच आत!

ऑफिसचं आयडी कार्ड विसरलं तर आपला फार तर अर्धा दिवस बुडतो. दीडशे वर्षांपूर्वी मॉरिशसमध्ये कागद विसरला तर माणूस थेट कोठडीत जायचा. बीच आणि हनीमून पॅकेजच्या पलीकडच्या मॉरिशसची ही गोष्ट.

सोमवार, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं. हिंजवडीचं ट्रॅफिक पार करून गेटवर पोचले, बॅगेत हात घातला आणि धस्स झालं. कार्ड नाही! शुक्रवारी घातलेल्या जीन्सच्या खिशात राहिलं होतं. गेटवरचे सिक्युरिटीवाले काका मला रोज ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणतात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्यात आधी चौकशी त्यांनी केली होती. पण त्या दिवशी ते भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘मॅडम, नोटीस आहे. कार्ड नसलं तर हाफ डे लागतो.’

आता खरी गंमत ऐका. ती नोटीस मीच काढली होती! मी एचआरमध्ये आहे. नोटिसा, सर्क्युलर, पॉलिसी हाच माझा पोटापाण्याचा धंदा. ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की...’ हे वाक्य मी झोपेतही टाइप करू शकते. माझ्याच वाक्याने माझा हाफ डे गेला. ऑफिसात चार दिवस चेष्टा झाली, मीही हसले आणि विसरून गेले.

तो किस्सा पुन्हा आठवला तो थेट मॉरिशसमध्ये.

पाऊस, आई आणि टॅक्सीवाले काका

लग्नाआधी एकदा आईला परदेश दाखवायचाच, असं ठरवलं होतं. मॉरिशस निवडलं कारण विमानाचा प्रवास झेपेल एवढा, समुद्र निळाशार आणि देवळंही भरपूर. म्हणजे मी खूश, आईही खूश. तिसऱ्या दिवशी पावसाने बीचचा प्लॅन पार धुऊन टाकला. हॉटेलबाहेरच्या टॅक्सीवाल्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि मागे वळून विचारलं, ‘तुमी मराठी काय?’

आईचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता! काका साठीचे. घरात क्रिओल बोलतात, मराठी आजीकडून ऐकलेली आणि शाळेत शिकलेली. त्यांच्या गावात गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला तर देशभर सुट्टी असते. पाचच मिनिटांत ते आईला ‘ताई’ म्हणायला लागले आणि आई त्यांना ‘भाऊ’.

‘ताई, पाऊस हाय तर घाट दाखवतो,’ ते म्हणाले. मला वाटलं, वळणावळणाचा रस्ता असेल. पण हा घाट म्हणजे नाशिकच्या घाटासारखा, पाण्याकाठचा. राजधानी पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट. १८४९ मध्ये इथे आप्रवाशांचा डेपो उभा राहिला. बोटीतून उतरलेली माणसं सोळा दगडी पायऱ्या चढून वर यायची, साधारण दोन दिवस इथे राहायची आणि मग वेगवेगळ्या उसाच्या मळ्यांवर पाठवली जायची. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

थोडा इतिहास, पण बोअर न करता

मॉरिशस १८१० मध्ये फ्रेंचांकडून ब्रिटिशांकडे आलं. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मालकांना भरपाई मिळाली, गुलामांना नाही. पण ऊस कोण तोडणार? उत्तर होतं हिंदुस्थान. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून पहिले ३६ मजूर उतरले. पुढच्या ऐंशीएक वर्षांत जवळपास पाच लाख माणसं या बंदरात आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबईहून गेलेले त्यामानाने थोडे, पण त्यांच्यात आपल्या रत्नागिरीकडची बरीच होती.

कॉन्ट्रॅक्ट साधं दिसायचं. पाच वर्षं काम, महिना साधारण पाच रुपये, वर तांदूळ-डाळ-मीठ. मेख होती बारीक अक्षरात. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला तिथे नावच पडलं होतं ‘डबल कट’. काका हे सांगत असताना आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. हाफ डेचा किस्सा तिला माहीत होता ना!

तिकीट, पास आणि फोटो

पाच वर्षं पुरी झाली की मजूर मोकळा. कागदोपत्री त्याचं नाव ‘ओल्ड इमिग्रंट’, म्हणजे जुना आप्रवासी. तो भाजी पिकवू शकतो, फेरी मारून विकू शकतो, हवं तर दुसरीकडे काम बघू शकतो. मळेवाल्यांना हे अजिबात परवडणारं नव्हतं. त्यांना तोच माणूस पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर हवा होता.

आणि मग आला १८६७ चा अध्यादेश क्रमांक ३१. त्याच वर्षी बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली होती, हजारो माणसं मरत होती. पण सरकारला आवरायचे होते ‘भटके’. या अध्यादेशात ‘पुन्हा मळ्यावर जा’ असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. एचआरवाली म्हणून सांगते, अशा नोटिसांत खरा हेतू कधीच लिहीत नाहीत. त्यात फक्त कागदांची भाषा होती. प्रत्येक जुन्या आप्रवाशाने स्वतःचं तिकीट बाळगायचं. तिकिटावर नंबर आणि फोटो हवा. शिवाय पोलिसांचा पास हवा, आणि तो एकाच जिल्ह्यापुरता. दुसऱ्या जिल्ह्यात राहायला जायचं तर आधी पोलिसांकडे जाऊन नोंद करा. कागद नाही, काम नाही किंवा पत्ता नाही, तर तुम्ही ‘व्हेग्रंट’. अशांसाठी ग्रँड रिव्हरला खास डेपो होता. तिथे ठेवून सक्तीने कामाला लावत.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अख्खं मॉरिशस आपल्या पुणे जिल्ह्यात सात वेळा बसेल. त्या बेटाचे नऊ जिल्हे. म्हणजे सरासरी एक जिल्हा पुणे महापालिकेच्या हद्दीहूनही लहान. कोथरूडच्या माणसाला पिंपरीत राहायला जायचंय आणि त्यासाठी पोलिस चौकीत रांग लावायचीय, असा प्रकार.

सरकारची भाषा इंग्रजी, मळेवाल्यांची फ्रेंच. आणि हा कायदा ज्यांच्या मानेवर बसणार होता, ती माणसं बोलायची भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी. गंमत म्हणजे या माणसांसाठी सरकारने एक स्वतंत्र अधिकारीही नेमला होता. त्याच्या हुद्द्याचं नावच मुळी ‘आप्रवाशांचा संरक्षक’!

पोलिस रस्त्यात अडवायचे, वस्त्यांवर धाडी घालायचे. तिकीट घरी राहिलं, पासवरचा पत्ता जुना निघाला, फोटो आणि चेहरा जुळला नाही, काहीही कारण पुरायचं. यातून वाचण्याचा एक सोपा मार्ग होता, पुन्हा एखाद्या मळ्यावर कॉन्ट्रॅक्ट सही करणं. म्हणजे जे उघडपणे म्हणता येत नव्हतं, ते नोटिशीने न म्हणता करून दाखवलं.

९,४०१ नावांचा अर्ज

याला पहिला मोठा दणका दिला तोही एका कागदानेच. अडॉल्फ द प्लेवित्झ हा स्वतः मळेवाल्यांच्याच वर्तुळातला. सासऱ्यांचा मळा सांभाळायचा. १८७१ मध्ये त्याच्या पुढाकाराने जुन्या आप्रवाशांचा एक अर्ज नवे गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला. खाली नावं होती ९,४०१! ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही, आणि दुसऱ्या जिल्ह्यात जायचं म्हटलं तरी पोलिसांची भीती. अशा काळात साडेनऊ हजारांच्या आसपास नावं गोळा करणं म्हणजे काय असेल, विचार करा.

मळेवाले खवळले. प्लेवित्झला बेटावरून हाकला अशी मागणी झाली, भर पोर्ट लुईत त्याला मारहाण झाली. पण गॉर्डन मागे हटले नाहीत. १८७२ मध्ये लंडनहून चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं. त्यातले एक सदस्य विल्यम फ्रियर, म्हणजे आपल्या मुंबईचे एके काळचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे भाऊ. १८७५ च्या अहवालाने तक्रारींत तथ्य असल्याचं मान्य केलं आणि १८७८ मध्ये नवा मजूर कायदा आला. सगळं एका रात्रीत बदललं नाही. मळेवाल्यांची सत्ता पुढेही बरीच वर्षं राहिली. पण ‘कायदा म्हणजे कायदा’ या उत्तरावर ‘मग तुमचा कायदा तपासा’ असं म्हणता येतं, हे त्या अर्जाने दाखवलं.

आईने वाचलेलं गाव

घाट बघून झाल्यावर काकांनी गाडीच्या कप्प्यातून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आप्रवाशांच्या मूळ नोंदवह्या आहेत; तिथून त्यांनी ती मिळवली होती. सहा आकडी नंबर. वय, उंची, अंगावरची खूण, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव. बाजूला छोटासा फोटो. डोक्याला मुंडासं, नजर सरळ कॅमेऱ्यात. बहुधा त्या माणसाचा आयुष्यातला पहिला फोटो, आणि तो काढला होता कशाला? तर चौकीवर ओळख पटावी म्हणून.

‘जिल्हा रत्नागिरी कळला,’ काका म्हणाले. ‘गाव नाय कळत. वीस वर्सं झाली. इंडियातनं आलेल्या सगल्यांना विचारतो.’

गावाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं डी-ओ-आर-ओ-ओ-के. मी आपली मोबाइलवर नकाशा काढून ‘डोरूक, डोरुक’ शोधत बसले. काहीच नाही. आईने चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा घाईघाईत, एखादा दमलेला माणूस साहेबाला सांगेल तसं.

‘अहो भाऊ, हे देवरुख तर नाही ना?’

आईचं माहेर त्याच तालुक्यातलं, संगमेश्वरचं. तिने सांगितलं, तिकडची जुनी माणसं बोलताना ‘देवरुख’ कसं पटकन म्हणून टाकतात ते. कारकुनाने कानाला पडलं तसं उतरवलं असणार. खात्री नाही. पण काकांनी गाडी बाजूला घेतली, कागद परत हातात घेतला आणि ‘देवरुख’ असं चार-पाच वेळा स्वतःशीच म्हटलं. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. वायपर तेवढे चालू होते.

मला राहून राहून एकच वाटत होतं. ज्या कागदाने या माणसाच्या पणजोबांना जिल्ह्याबाहेर पडू दिलं नाही, त्याच कागदामुळे आज पणतूला घराची वाट दिसत होती. ते लिहिणाऱ्याच्या मनात यातलं काहीही नव्हतं. त्याला फक्त रकाना भरायचा होता.

पुन्हा गेटवर

पुण्यात आल्यावर महिनाभराने आई एसटीने देवरुखला जाऊन आली. स्टँडवरच्या पाटीचा फोटो तिने काकांना पाठवला. रेकॉर्डमधलं आडनाव तिथे सापडतंय का, याची चौकशी ती अजून करतेय. रोज संध्याकाळी दोघांचे मेसेज चालू असतात, तिकडून अर्धे क्रिओलमध्ये. आईला त्यातलं किती कळतं देव जाणे!

आणि मी? मी काही मळेवाली नाही आणि आमचं ऑफिस म्हणजे मळा नाही. संध्याकाळी मी कार्ड काढून घरी जाऊ शकते, नोकरीही सोडू शकते. दोन्हींची बरोबरी करणं त्या माणसांवर अन्याय होईल. पण परत आल्या आल्या माझी जुनी नोटीस काढून वाचली, या वेळी गेटबाहेर उभं राहिलेल्या माणसाच्या नजरेने. ‘कार्ड विसरल्यास अर्धा दिवस रजा.’ मग चौकशी केली तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त हाफ डे आमच्या हाउसकीपिंगच्या बायकांचे गेले होते. त्या पहाटे दोन बस बदलून येतात. नोटीस इंग्रजीत होती आणि ती त्यांना कुणी वाचून दाखवलीच नव्हती.

बॉसशी जरा वाजलं. पण नोटीस बदलली. आता कार्ड विसरलं तर नाव लिहून तात्पुरता पास मिळतो, पगार कापत नाहीत. आणि कागद दोन भाषांत लागतो, मराठी वर.

पोर्ट लुईला जाणार असाल तर...

* आप्रवासी घाटाला निवांत दीड-दोन तास ठेवा. रुग्णालय, स्वयंपाकघर, पहारेकऱ्यांची खोली यांचे अवशेष आणि शेजारचं माहिती केंद्र चुकवू नका.
* ल कोदाँ वॉटरफ्रंट तिथून चालत जाण्याजोगं. शॉपिंगच्या मधेच ब्लू पेनी म्युझियम बघा. १८४७ ची मॉरिशसची जगप्रसिद्ध ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटं तिथे आहेत.
* घरातलं कोणी मॉरिशसला गेल्याचं ऐकलं असेल तर नाव, बापाचं नाव, गाव असं सगळं आधी लिहून घ्या. मुंबई इलाख्याचे सरकारी कागद बघायचे तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे.
* गावांची इंग्रजी स्पेलिंगं मोठ्याने वाचा. शक्यतो आईकडून!