नवागत धर्मप्रचारक आणि महानगराची भाषा

परकीय धर्मप्रचारक एखाद्या मोठ्या शहरात उतरला म्हणजे त्याच्या पहिल्या दिवसांची हकीकत धर्मेतिहासाच्या ग्रंथांत बहुधा निष्ठेची किंवा छळाची कथा म्हणून येते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तीत एक निराळा प्रश्न दिसतो. कोणाशी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या नात्याने बोलावे, याचा निर्णय नवागताला पहिल्याच आठवड्यात करावा लागतो. आणि पुढील कार्याची दिशा पुष्कळ अंशी त्या निर्णयानेच ठरते. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील मुंबई व पुणे येथील दोन उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिले उदाहरण गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांचे. हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. तत्पूर्वी १८१२ मध्ये कलकत्त्याहून निघून जाण्याचा हुकूम त्यांना झालेला होता, आणि मुंबईतही हद्दपारीची टांगती तलवार त्यांच्यावर जवळजवळ वर्षभर राहिली. उद्या येथे राहावयास मिळेल की नाही याची शाश्वती नसताना या तरुणांनी मराठी शिकण्यास आरंभ केला. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाला होता. परंतु ही साधने बंगालमध्ये सिद्ध झालेली होती. मुंबईच्या बाजारात ऐकू येणारी मराठी वेगळी होती. अमेरिकन मिशनने पुढे श्रीरामपूरच्या भाषांतरावर न विसंबता स्वतःची भाषांतरे सिद्ध केली व स्वतःचा छापखाना घातला. १८१७ साली मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८२६ साली संपूर्ण नवा करार त्या छापखान्यातून बाहेर पडला, यामागे पहिल्या दिवसांतील हा भाषिक निर्णय आहे.

दुसरे उदाहरण तितके परिचित नाही. जोसेफ स्मिथ याने १८३० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या आणि 'मॉर्मन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथाचा ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईस आला. त्याचे वय त्या वेळी तिशीच्या घरात होते. हॉल व नॉट यांना जी साधने मिळाली नाहीत ती फिंडलेच्या वेळी उपलब्ध होती. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. मोल्सवर्थचा कोश तर १८३१ पासून हाताशी होता. असे असूनही मुंबईत त्याला फारसे यश आले नाही. त्याच्या पंथाविषयीचा प्रतिकूल मजकूर त्याच्या आधीच शहरात पोहोचला होता व वृत्तपत्रे विरोधी होती. १८५३ मध्ये तो पुण्यास गेला. तेथे लष्करी छावणीत राहण्याची परवानगी त्याला नाकारण्यात आली. त्याने एक लहानशी मंडळी स्थापन केली, परंतु तिच्यात इंग्रजी जाणणाऱ्यांचाच भरणा होता. पुण्यात त्याने मराठीचा अभ्यासही केला. तथापि १८५५ साली तो हिंदुस्थान सोडून गेला.

या अपयशाची धार्मिक व राजकीय कारणे उघड आहेत. बहुपत्नीकत्वाचा त्या पंथाने १८५२ साली जाहीर पुरस्कार केल्याने त्याच्याविषयीचा लोकक्षोभ वाढला, हे त्यांपैकी एक. परंतु एक कारण भाषिकही आहे. पदरी पैसा न बाळगता, यजमानांच्या आतिथ्यावर राहून प्रचार करावा, असा त्या काळी या पंथाचा प्रघात होता. इंग्लंडमध्ये तो चालून गेला, कारण प्रचारक आणि यजमान यांची भाषा व सामाजिक पायरी एकच होती. वरवर पाहता, माधुकरीची आणि गोसाव्याच्या झोळीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात तर हा प्रघात अधिकच सुकर व्हावयास हवा होता. तसे होणे शक्य नव्हते. भिक्षा मागणे ही नुसती कृती नव्हे, ती एक भाषिक भूमिका आहे. तिला ठरलेले शब्द आहेत, ठरलेली वेळ आहे, आणि मागणारा व देणारा यांच्यात पूर्वमान्य नाते आहे. गोऱ्या माणसासाठी या भाषेत एकच जागा सिद्ध होती, ती म्हणजे 'साहेब'. साहेब हुकूम करतो. तो दाराशी येऊन अन्न मागू लागला तर ऐकणाऱ्याला त्याचे शब्द कळले तरी त्याचा अर्थ लागत नाही. परिणामी अशा प्रचारकाला आश्रय मिळण्याचा संभव ज्यांच्या भाषेत ही अडचण नव्हती त्यांच्याकडेच अधिक, म्हणजे छावणीतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. आश्रय जेथे, तेथेच श्रोते. आणि श्रोते इंग्रजी बोलणारे असल्यावर मराठीची निकड मागे पडणे स्वाभाविकच होते.

नात्याचा हा प्रश्न सर्वनामांतही दिसून येतो. इंग्रजीत एका सर्वनामाने भागते. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड केल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. त्यातही गंमत अशी की नोकराला आणि लहान मुलाला जे 'तू' म्हणतात तेच आईला आणि देवालाही म्हणतात. नवागताच्या कानावर प्रथम पडते ती नोकरचाकरांशी चालणारी भाषा. तीतील 'तू' त्याने प्रतिष्ठित गृहस्थाला लावला तर अपमान होतो, आणि त्या अनुभवाने धास्तावून देवाला 'आपण' म्हटले तर प्रार्थना अर्जासारखी वाटते. ही जाण व्याकरणाचा तक्ता पाठ करून येत नाही.

पदव्यांचेही असेच आहे. मॉर्मन पंथात तरुण प्रचारकाला 'एल्डर' म्हणतात. २०१२ पासून तरुणांना वयाच्या अठराव्या वर्षी या सेवेस जाता येते व ती साधारणतः दोन वर्षांची असते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या शब्दाला 'वडील' हा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु 'वडील' म्हणजे पिताही होय. ओठांवर नुकती मिसरूड फुटलेल्या मुलाला त्या नावाने संबोधणे मराठी माणसाच्या जिभेला अवघड जाते. इंग्रजी शब्दातील वयाचा अर्थ पदाच्या अर्थामागे लपू शकतो. मराठी शब्दातील नाते तसे लपत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी 'एल्डर' हा उसना शब्द तसाच ठेवणे अधिक सोयीचे ठरते. या पंथाने १९६१ पासून अमेरिकेतील प्रोव्हो येथे प्रचारकांच्या भाषाशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था केली. शब्द व वाक्यरचना तेथे शिकविता येतात. कोणत्या नात्याने बोलावे हे मात्र त्या त्या समाजातच शिकावे लागते.

या विवेचनाचा आपल्या विभागाच्या कामाशी निकटचा संबंध आहे. बोलीच्या पाहणीसाठी खेड्यात जाणारा विद्यार्थी हाही एक नवागतच असतो. बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चौसाळा या गावाचे उदाहरण घेऊ. या भागात 'काय करायलास?', 'मी जायलोय' अशी रूपे घरोघरी ऐकू येतात. परंतु वही घेऊन आलेल्या शहरी पाहुण्याशी बोलताना तोच माणूस 'काय करता?', 'मी जातो आहे' असे बोलू लागतो. तो खोटे बोलत नसतो. समोरच्याला त्याने 'साहेब' या जागी बसविलेले असते आणि त्या जागेला साजेशी भाषा तो वापरतो. शिवाय पाहुण्याशी बोलावयास पुढे येतो तोही बहुधा शिकलेला, प्रमाण भाषा सहज बोलणारा. पहिल्या तीन दिवसांच्या नोंदींवरून त्या गावाची बोली प्रमाण मराठीहून फारशी निराळी नाही असा निष्कर्ष काढला, तर तो गावाविषयीचा निष्कर्ष नसून पाहुण्याविषयीचा ठरेल.

तात्पर्य, आरंभीच्या दिवसांत जे लोक आपणहून भेटतात त्यांना संपूर्ण समाज समजणे हा प्रचारकाला जसा धोका, तसाच संशोधकालाही. म्हणून बोलीच्या प्रत्येक नोंदीबरोबर ती मुक्कामाच्या कितव्या दिवशी घेतली, बोलणाऱ्याने संशोधकाला कोणत्या सर्वनामाने संबोधले आणि त्या वेळी तेथे आणखी कोण उपस्थित होते, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. 'आपण' चे 'तुम्ही' झाले, किंवा घरातल्या म्हातारीने पाहुण्याला 'तू' म्हटले, म्हणजे त्याची जागा बदलली असे समजावे. त्यानंतरच्या नोंदी पहिल्या नोंदींशी ताडून पाहिल्या की त्या गावात प्रत्यक्ष काय बोलले जाते ते कळू लागेल.