पानातली राखाडी चौकट

1995 साली सन मायक्रोसिस्टिम्सनं हॉटजावा हा ब्राउझर दाखवला, तेव्हा वेबपान म्हणजे अक्षरं आणि चित्रं एवढंच होतं. हॉटजावात मात्र पानातलाच रेणू माउसनं फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येत होता. तो फिरवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे जावा अ‍ॅपलेट.

पानाच्या कोडमध्ये अ‍ॅपलेटचा टॅग असे. त्यात फाइलचं नाव, रुंदी आणि उंची. ब्राउझर तेवढी चौकट राखून ठेवायचा आणि आतला कारभार जावाच्या व्हर्च्युअल मशीनकडे सोपवायचा. चौकट राखाडीच राहायची, कधी कधी बराच वेळ. तोवर सर्व्हरवरून क्लास फाइल उतरत असे. तिचे पहिले चार बाइट हेक्साडेसिमलमध्ये 'कॅफेबेब' असेच हवेत, नाहीतर फाइल बाद. मग तिच्यातल्या सूचनांची, म्हणजे बाइटकोडची, तपासणी व्हायची आणि त्यानंतरच अ‍ॅपलेट जागा होई. विंडोज असो की मॅक, फाइल तीच.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याच्याभोवतीचं कुंपण. अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपल्या संगणकावर चालणार, म्हणून त्याला आपल्या डिस्कला हात लावायची परवानगी नव्हती. जिथून आला, त्याच सर्व्हरशी बोलायचं. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हएक्समध्ये असं कुंपण नव्हतं. सही कुणाची ते बघून 'हो' म्हटलं, की सगळा संगणक त्याच्या हाती. जावातही सही केलेल्या अ‍ॅपलेटला बाहेर पडता येई; ई-निविदेवर डिजिटल सही करण्यासाठी आपल्याकडे जावा बसवून घ्यावं लागे, ते यासाठीच.

विचार योग्य होता, पण कुंपणालाच भोकं पडत गेली. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागानं ब्राउझरमधलं जावा बंद ठेवा, असा सल्ला दिला. क्रोमनं 2015 मध्ये, फायरफॉक्सनं 2017 मध्ये दार लावलं. 2018 च्या जावा 11 मधून ब्राउझरमध्ये अ‍ॅपलेट चालवणारं प्लगइनच काढून टाकलं.

नुकसान झालं ते शिक्षकांचं. लंबक, भिंग, विद्युतमंडल दाखवणारे कितीतरी अ‍ॅपलेट त्यांनी हौसेनं लिहिले होते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पानं आपले बरेचसे प्रयोग एचटीएमएल 5 मध्ये नव्यानं लिहिले, त्यांतले काही मराठीतही आहेत. एकट्या शिक्षकाला तेवढं बळ कुठून येणार? पण आता चीर्पजे नावाची प्रणाली जुने अ‍ॅपलेट प्लगइनशिवाय आजच्या ब्राउझरमध्ये चालवू शकते. तेव्हा जुन्या सीडीवर अशा क्लास फाइल किंवा त्या एकत्र बांधलेल्या जार फाइल पडून असतील, तर कृपा करून त्या टाकून देऊ नका.