खिडकीतील ऊन : प्रश्न एक, उत्तरे तीन

'बंद खिडकीच्या काचेतून येणारे ऊन अंगावर घेतले तर चालेल का?' हा प्रश्न आपल्या चिकित्सालयात नित्य विचारला जातो. सांधे आखडलेले आजोबा तो विचारतात, हाडे दुखणारी गृहिणी विचारते आणि पिवळ्या पडलेल्या नवजात बाळाची आईही विचारते. या तिघांना एकच उत्तर देणे उचित नव्हे, हे आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो.

ऊन हे अनेक विद्युतचुंबकीय लहरींचे मिश्रण होय. त्यांत भेद असतो तो तरंगलांबीचा. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी डोळ्यांना दिसतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) त्याहून लांब लहरींना अवरक्त व आखूड लहरींना अतिनील म्हणतात. शरीरावर होणारे कार्य या लांबीनुसार बदलते आणि काचही लांबी पाहूनच लहरींना वाट देते.

प्रथम उष्णतेचा विचार करू. चरकसंहितेत निरग्निस्वेदाच्या दहा प्रकारांत आतपाची गणना आहे. दृश्य प्रकाश व उन्हातील बहुतांश अवरक्त किरण साध्या काचेतून आत येतात. म्हणून आजोबांना शेक मिळतो.

हाडांची गोष्ट निराळी. त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होण्यास २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातील अतिनील किरण लागतात. साधी काच ते जवळजवळ पूर्णपणे अडविते. सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हातही ते अत्यल्प असतात, कारण तेव्हा त्यांना ओझोनच्या थरातून अधिक लांबचा मार्ग कापावा लागतो. म्हणून गृहिणीला काचेआडचे ऊन उपयोगी नाही. तिने सूर्य वर आल्यावर उघड्यावर थोडा वेळ बसावे व त्वचा लाल होण्यापूर्वीच सावलीत यावे.

नवजात बालकाच्या काविळीत निळा प्रकाश कार्य करतो. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात, उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा उघड्या त्वचेवर कमी होतो, हे एका परिचारिकेच्या लक्षात आले. त्यातूनच आजची प्रकाशचिकित्सा उदयास आली. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या प्रकाशाने बिलिरुबिनची रचना बदलते व ते पित्त आणि मूत्रावाटे बाहेर पडू शकते. हा प्रकाश अतिनील नव्हे. त्यामुळे 'निळ्या दिव्याने बाळ भाजेल' ही भीती निराधार आहे. डोळ्यांवर पट्टी मात्र आवश्यक असते.

निळा प्रकाश काचेतून येतो हे खरे. परंतु उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि बाळ अतितप्त होण्याचा धोका राहतो. बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूस कायमची इजा होते. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसलेली, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली, अथवा बाळ सुस्त होऊन दूध न ओढत असताना आढळलेली कावीळ उन्हावर सोपवू नये. अशा बाळास तत्काळ बालरोगतज्ज्ञांकडे पाठविणे हेच आपले कर्तव्य होय, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.