अंगणापासून माळापर्यंत

मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंड आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान जेऊर नावाचे स्थानक लागते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील हे गाव. पाऊस बेताचा, झाडी विरळ, दूरवर ज्वारीची शेते आणि मधूनमधून खडकाळ माळ, असा हा मुलूख आहे. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशास वाटते की, येथे पाहण्याजोगे ते काय असणार? परंतु त्याच वेळी जवळच्या तारेवर एक काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी बसलेला असतो. तो एकाएकी हवेत सूर मारतो, उडता किडा चोचीत टिपतो आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन बसतो. तो कोतवाल होय. आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, एवढेच नव्हे तर घारीलाही तो पिटाळून लावतो. म्हणून होला, बुलबुल यांसारखे दुबळे पक्षी पुष्कळदा त्याच्याच झाडावर घरटी बांधतात. लोकांनी त्याला दिलेले नाव किती सार्थ आहे!

असे पाहणे हाच पक्षिनिरीक्षणाचा छंद. त्यासाठी घोर अरण्यात जावे लागत नाही, की पैसा खर्चावा लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम; नसली तरी काही अडत नाही. सकाळी सूर्य वर येण्याच्या सुमारास अथवा सायंकाळी ऊन उतरल्यावर घराच्या पायरीवर अर्धा तास स्वस्थ बसावे, म्हणजे पक्षी आपण होऊन दृष्टीस पडू लागतात. मात्र बसणे खरोखरच स्वस्थ असले पाहिजे. हातवारे, मोठ्याने बोलणे आणि भडक रंगाचे कपडे यांचे पक्ष्यांशी जमत नाही.

अनोळखी पक्षी दिसला म्हणजे प्रथम त्याचा आकार ओळखीच्या पक्ष्याशी ताडून पाहावा. तो चिमणीएवढा आहे, साळुंकीएवढा आहे की कावळ्याएवढा? मग शेपूट, डोक्यावरचा तुरा, चालण्याची तऱ्हा आणि आवाज यांकडे लक्ष द्यावे. चिमणी टुणटुण उड्या मारीत जाते, तर साळुंकी एकामागून एक पाऊल टाकीत ऐटीत चालते. चोच तर पक्ष्याचा सारा निर्वाहच सांगते. चिमणीची आखूड, जाड चोच दाणा फोडण्याच्या कामाची आहे. शिंजिराची बारीक, बाकदार चोच फुलाच्या तळाशी असलेल्या मधापर्यंत पोहोचते. खंड्याची लांब, बळकट चोच मासा पकडते, आणि घारीची आकडीसारखी चोच मांस तोडते. कारागिराची हत्यारे पाहून त्याचा धंदा कळावा, तसेच हे आहे.

ओळख वाढली की आश्चर्येही वाढतात. शिंपी हा इवलासा पक्षी झाडाची पाने कापसाच्या वा कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंनी टाचून त्यांच्या द्रोणात घरटे करतो. टिटवी घरटे बांधीतच नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये ती अंडी घालते, आणि खड्यांच्या रंगाशी त्यांचा रंग असा मिळून जातो की, पाय पडेपर्यंत ती दिसू नयेत. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात ठेवते. ‘कुहू’ असा मधुर स्वर काढतो तो काळा नर. ठिपकेदार मादीचा आवाज निराळाच असतो. पावसाळ्याच्या तोंडी ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. पण त्याची पिले बहुधा सातभाईंच्या घरट्यात वाढतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

‘हा पक्षी कोणता?’ या एका प्रश्नातून थोर कार्य कसे उभे राहते, याचे उदाहरण म्हणजे डॉ. सलीम अली. १८९६ साली जन्मलेल्या या मुंबईकर मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तिचे नाव विचारण्यासाठी तो मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. तेथे त्याला कपाटांत जतन केलेले असंख्य पक्षी दाखवण्यात आले, आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे भारतातील पक्ष्यांचा अभ्यास हेच त्यांचे जीवितकार्य झाले. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करीत असता रानावनातील माणसांकडून पक्ष्यांची नावे व माहिती गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

या छंदात वही हवीच. पक्षी दिसल्याची तारीख, वेळ, जागा, त्यांची संख्या आणि ते काय करीत होते, एवढे जरी रोज लिहिले तरी पुरे. पावसाळा सरला की शेपूट सतत खालीवर हलविणारा धोबी पाण्याकाठी दिसू लागतो. त्याचा पहिला दिवस वर्षानुवर्षे नोंदवावा. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात येते, त्या वेळी गुलाबी अंगाच्या व काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवेच्या थवे शेतावर उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो. या भोरड्या मध्य आशिया व पूर्व युरोप या दूरच्या प्रदेशांतून आलेल्या असतात. त्या दाणे खातात हे खरे. पण टोळ व इतर किडेही फस्त करतात. त्यांना केवळ शत्रू म्हणावे की मित्रही, हे पाहणाऱ्याने स्वतः ठरवावे.

गावापासून काही किलोमीटरवर भीमेचे विस्तीर्ण पाणी आहे. उजनी येथील धरण १९८० साली पूर्ण झाले. नदीकाठची कित्येक गावे व शेते पाण्याखाली गेली, माणसांना घरेदारे सोडावी लागली, आणि जेथे नदीचे पात्र तेवढे होते तेथे जलाशय पसरला. या नव्या पाण्याचा सुगावा पक्ष्यांनाही लागला. आता हिवाळ्यात तेथे उंच पायांचे रोहित पक्षी चोच उलटी बुडवून पाणी गाळताना दिसतात. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतात.

पाण्याने पक्षी आणले. माळावरून मात्र एक पक्षी जात राहिला. माळढोक हा गवताळ माळाचा राजा. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नज येथील अभयारण्य घोषित झाले, आणि त्याच्या मूळच्या विस्तीर्ण हद्दीत करमाळा तालुक्याचा भागही मोडत होता. तरीही माळ नांगरले गेले, चराऊ रान आटले, विजेच्या तारांवर आपटून पक्षी मेले. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही. आज साऱ्या जगात हे पक्षी शेदीडशेच उरले आहेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. सोलापूरच्या माळावर तो दिसणे ही आता दुर्मीळ गोष्ट झाली आहे.

पक्ष्यांची मोजदाद झाली, म्हणूनच ही घट उमगली. ज्याची कोणी नोंदच ठेवीत नाही, तो पक्षी नाहीसा झाला तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या मुलाची वहीसुद्धा क्षुल्लक नसते. अंगणात गेल्या वर्षी किती चिमण्या होत्या आणि यंदा किती आहेत, हे बहुधा त्या वहीवाचून दुसऱ्या कोठेही लिहिलेले नसते.

पाहणाऱ्याने काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. घरट्याशी जाऊ नये, अंड्यांना हात लावू नये, गलोल तर हाती धरूच नये. उन्हाळ्यात अंगणातील सावलीत पाण्याचे एक पसरट भांडे ठेवावे आणि ते रोज धुऊन भरावे. प्रथम चिमण्या येतील, मग साळुंक्या, मग बुलबुल. आणि एखाद्या दुपारी कधीही न पाहिलेला असा कोणी पाहुणा काठावर येऊन बसेल. त्या वेळी वही हाताशी असावी.