मेंदूची अँजिओग्राफी : भीती आणि खबरदारी

अँजिओग्राफी म्हटले की हृदय आठवते. पण ती मेंदूच्या रक्तवाहिन्यांचीही होते. पोर्तुगालच्या इगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये ती प्रथम केली.

आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली, तर मेंदूतील रक्तवाहिनीवरचा फुगा फुटलेला असू शकतो. आधी सीटी स्कॅन करतात. फुगा नेमका कुठे, केवढा, हे अँजिओग्राफीत दिसते. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मानेतील धमनीपर्यंत नेऊन आयोडीनयुक्त द्रव सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्रे घेतात. त्याच वाटेने फुग्यात प्लॅटिनमची तार भरून तो बंदही करता येतो.

धोके आहेत : नळीच्या जागी रक्तस्राव, द्रवाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडांवर ताण, क्वचित पक्षाघात. म्हणून किडनीचा विकार, मधुमेहाची व रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वीची अ‍ॅलर्जी, गर्भधारणेची शक्यता डॉक्टरांना आधीच सांगावी.

मात्र फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या दिवसांत सर्वाधिक असतो, आणि तो तपासणीच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अशा वेळी ‘नंतर बघू’ म्हणून रुग्णाला घरी नेणे जिवावर बेतू शकते.