जुनी शिडाची नौका: स्वस्त कुठे, महाग कुठे

समुद्राकाठची द्वारका गुजरातेत आहे. दिल्लीच्या द्वारका या उपनगरातून मुंबईचा समुद्र रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटर. तरी मोबाइलवर परदेशातल्या जुन्या शिडाच्या नौका पाहताना, मोटारीच्या पैशात जगप्रवास, असं इथेही एखाद्याच्या मनात येतंच.

आधी किमतीचं बघू. जोशुआ स्लोकम या खलाशाला ‘स्प्रे’ ही कुजकी होडी अमेरिकेत फुकट मिळाली होती. ती उभी करायला त्याला १३ महिन्यांची मेहनत आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. मग १८९५ ते १८९८ दरम्यान त्याने तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हणजे फुकटातही खर्च असतोच. परदेशातली नौका भारतात आणायची असेल तर क्रीडानौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, सीमाशुल्क वेगळं. शिवाय मुंबईत पावसाळ्याआधी नौका पाण्याबाहेर काढावी लागते, तो खर्च दरवर्षीचा.

जुनी म्हणजे कमकुवत, हा समज मात्र खरा नाही. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १९८८ पूर्वी आराखडा झालेल्याच नौका चालतात. २०१८ मध्ये तिच्यात भारतीय खलाशी अभिलाष टॉमी गोव्यात नव्याने बांधलेल्या ‘थुरिया’तून निघाले, हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. २०२३ मध्ये याच शर्यतीत ते दुसरे आले, ते दुसऱ्याकडून घेतलेल्या ‘रस्लर ३६’ जातीच्या नौकेतून. यात नव्या नौकेचा दोष काढता येणार नाही, वादळ कुणालाच सोडत नाही. पण वय हा निकष नव्हे. उलट मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही शिडाची नौका अटलांटिकमध्ये उलटली आणि चौघे गेले, तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची होती. तिचा कील, म्हणजे तळाचा वजनदार पंखा, निखळला होता. आधी अनेकदा तळ घासल्याने आणि नंतरच्या डागडुजीने कीलचा जोड कमकुवत झाला असावा, असं चौकशीत दिसलं.

फायबरग्लासच्या तळावरचे फोड पाहून लोक घाबरतात. ते क्वचितच नौका बुडवतात. पैशांचा खरा खड्डा डेकमध्ये असतो: फायबरग्लासच्या दोन थरांमधलं लाकूड स्क्रूच्या भोकांतून पाणी पितं आणि कुजतं. पाय ठेवल्यावर डेक दबला, हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला, की किंमत पाडा किंवा परत फिरा.

आणि सुधारणा म्हणजे चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा), सोलर, फ्रीज नव्हे. डोलकाठी धरणाऱ्या पोलादी तारा साधारण १० ते १५ वर्षांत बदलायच्या असतात. आधी त्या, मग तळातले पाण्याचे कॉक, सुकाणू, इंजिन. फ्रीज शेवटी.

विक्रेत्याने सुचवलेला सर्व्हेअर घेऊ नका. स्वतःचा नेमा, नौका पाण्याबाहेर काढून तपासून घ्या, आणि त्याचा अहवाल हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.