रेकॉर्ड प्लेअर घेण्याआधी आधी खोकं उघडा

दिवाळीची साफसफाई झाली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. माळ्यावर आईच्या, सासूबाईंच्या, नाहीतर मामंजींच्या रेकॉर्डी सापडल्या आहेत. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो, मुलगा म्हणतो ऑनलाइन एक सुंदर पेटीवाला प्लेअर मिळतो, तो घेऊ. घ्यावा का? आज आम्ही एवढ्यावरच बोलणार आहोत. किंमती मात्र सांगणार नाही, कारण त्या महिन्यागणिक बदलतात.

आमचं पहिलं सांगणं असं की दुकानात जाण्याआधी ते खोकं उघडा. आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या जातीच्या रेकॉर्डी एकाच खोक्यात सापडतात आणि दोन्हींना एक मशीन चालेलच असं नाही. एक जात जुनी, जड, काळी, हातातून पडली तर बशीसारखी फुटणारी. ती लाखेची. हो, बांगड्यांची असते तीच लाख, त्यात दगडाची भुकटी वगैरे मिसळलेली. ही मिनिटाला ७८ फेरे घेते आणि दहा इंची असेल तर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ यांचं त्या काळचं गाणं या तबकड्यांवर आहे. तीन मिनिटांत अख्खा राग उभा करायची त्यांची जी हातोटी होती, ती या मोजमापानेच घडवली.

दुसरी जात व्हायनलची, म्हणजे प्लास्टिकची. जरा वाकते, पण सहसा फुटत नाही. मोठी बारा इंची ती एलपी, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं. छोटी सात इंची बहुतेक ४५ फेऱ्यांची, तिच्यावर एका बाजूला एक किंवा दोन गाणी. १९४८ साली अमेरिकेत एलपी निघाली, पण म्हणून आपल्याकडे लाखेच्या तबकड्या लगेच बंद पडल्या असं समजू नका. भारतात त्या १९६० नंतरही निघत होत्या. म्हणून गाणं कोणत्या सालचं, यावरून अंदाज बांधू नका. मधल्या गोल कागदावर फेऱ्यांचा आकडा बहुधा छापलेला असतो, तो वाचा. नसेल तर वजन आणि आकार सांगतोच.

आता कागद घ्या आणि दोन रकाने करा, ७८ च्या किती, बाकीच्या किती. निम्म्या मैत्रिणींचा निर्णय इथंच होऊन जातो.

काऊन म्हणाल, तर आज बाजारात मिळणारे बरेचसे नवे प्लेअर फक्त ३३ आणि ४५ वर फिरतात. ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एलपी-६० एक्स हा नवख्यांना सगळीकडे सुचवला जातो. बटण दाबलं की हात आपोआप रेकॉर्डवर जातो, संपलं की परत येतो. मशीन चांगलं, पण ७८ वाजवत नाही. त्याच कंपनीच्या एलपी-१२० एक्सवर ७८ चा वेग आहे. पण नुसता वेग असून भागत नाही, पिनही वेगळी लागते. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीच्या पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ चं साधारण ७५ मायक्रॉनचं. बारीक पिन रुंद खाचेत घातली की ती तळाशी घसरते, तिथला कचरा वाचते आणि गाण्याऐवजी कढईत फोडणी दिल्यासारखा आवाज येतो. एलपी-१२० एक्सची मूळ पिन ओढून काढता येते आणि त्या जागी ७८ ची पिन बसते. जुन्या मशिनींत याची सोय वेगळी होती. पिनेपाशी एक छोटा खटका असायचा, तो फिरवला की एलपीची पिन वर आणि ७८ ची खाली. तुमच्या घरी तसलं मशीन पडून असेल तर ते टाकू नका.

उलट गोष्ट तर कधीच करू नका. चावीच्या, भोंग्याच्या ग्रामोफोनवर एलपी वाजवायची नाही. त्या पोलादी पिनेवरचा भार शंभर ग्रॅमच्या घरात असतो. लाखेतली दगडाची भुकटी तो सोसते, आणि तिथंही पिन दर बाजूला बदलायची असते. व्हायनलची मात्र पहिल्याच फेरीत माती होते.

भाराचा विषय निघालाच आहे तर आता त्या सुंदर पेटीवाल्या प्लेअरकडे वळू. गुलाबी, आकाशी, सुटकेससारखी मिटणारी, आतच स्पीकर असलेली ही मशिनं दिसायला गोड. पूर्वी घरोघरी एचएमव्हीचे फिएस्टा होते, त्यांची आठवण येऊन अनेक जणी भुलतात. यातल्या बहुतेकांमध्ये सिरॅमिक जातीचं कार्ट्रिज असतं. कार्ट्रिज म्हणजे पिन जिच्यात बसते ती डबी, खाचेतली थरथर विजेत बदलणारी. सिरॅमिकवाली पिन रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम भार टाकते. चांगल्या मशिनीतलं चुंबकाचं कार्ट्रिज दीड ते साडेतीन ग्रॅमवर काम भागवतं. तुम्ही म्हणाल, दोन-तीन ग्रॅमनी काय होतं? सोनाराकडे दोन ग्रॅमची अंगठी आणि सहा ग्रॅमची अंगठी हातात घेऊन पाहा, आणि तो सगळा भार केसाहून बारीक टोकावर आहे असं समजा.

एकदा-दोनदा वाजवल्याने रेकॉर्ड खराब होते असं नाही, उगाच घाबरवायचं नाही आम्हाला. पण या मशिनींची भुजा हलकी-जड करता येत नाही, स्पीकर त्याच पेटीत असल्याने आवाज वाढवला की पेटीच थरथरते आणि पिन उड्या मारते. आजकाल नवी रेकॉर्ड पुन्हा विकत मिळू शकते, पण आईच्या हस्ताक्षरात नाव घातलेली, पुन्हा कधी न निघालेली रेकॉर्ड कुठून आणाल? आमचं स्पष्ट मत आहे की वारशाच्या रेकॉर्डींसाठी हे मशीन घेऊ नये. त्यापेक्षा सहा महिने थांबा, भिशीचा नंबर लागू द्या.

मग घेताना काय पाहायचं? पिन सुटी बदलता येते का, हे आधी विचारा. हिऱ्याची पिनसुद्धा पाचशे ते हजार तासांत झिजते आणि झिजलेली पिन रेकॉर्ड कोरत सुटते. तीच पिन भारतात मिळते का, हे दुसरं. भुजेच्या मागच्या टोकाला फिरवायचं वजन असेल तर भार स्वतः लावता येतो, नसेल तर कारखान्यात लावलेला असतो. नवख्या बाईला दुसरं सोपं पडतं. पट्ट्यावर फिरणारं मशीन घ्यावं की थेट मोटरवरचं, यावर पुरुषमंडळी तासन्‌तास वाद घालतात. घरच्या ऐकण्याला दोन्ही चालतात. पट्टा रबराचा असतो, काही वर्षांनी सैल पडतो आणि बदलता येतो, एवढंच लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगायला विसरतो. प्लेअरमधून निघणारा आवाज इतका क्षीण असतो की तो सरळ होम थिएटरला किंवा टेपच्या स्पीकरला जोडला तर पातळ, खर्ज नसलेला, कुजबुजल्यासारखा ऐकू येतो. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त भरलेले असतात, म्हणजे खाच आटोक्यात राहते. ते पुन्हा सरळ करायला प्रीअँप लागतो. तो मशिनीत आतच आहे का, की वेगळा घ्यावा लागेल, हे विचारून घ्या. एलपी-६० एक्स आणि १२० एक्स या दोन्हींत तो आतच आहे. जुन्या अँप्लिफायरला मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल तर तिथेही काम होतं.

अमेरिकेत राहणाऱ्या लेकीने तिथला जुना प्लेअर पाठवायचं म्हटलं तर जरा थांबा. तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची, हे ट्रान्सफॉर्मरने निभतं. पण तिथे वीज ६० हर्ट्झची आणि इथे ५० ची. काही जुन्या मोटरींचा वेग या हर्ट्झवरच चालतो. तसली मोटर इथे सहाला पाच या हिशेबाने हळू फिरते आणि लताबाईंचा आवाज पुरुषासारखा ऐकू येतो. बाहेरच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या मशिनींना ही अडचण नाही.

जुनं मशीन इथंच कुणाकडून घेत असाल तर एक घरगुती परीक्षा सांगतो. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, ३३ चा वेग लावा आणि घड्याळ पाहून फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० झाले पाहिजेत. मग जिच्यात तंबोरा किंवा पेटीचा लांब सूर आहे अशी रेकॉर्ड लावा. सूर डुलत असेल तर पट्टा किंवा मोटर गेलेली आहे. ठेका असलेल्या गाण्यात हे लपून जातं, म्हणून विकणारा नेमकं तसलं गाणं लावतो.

रेकॉर्डी विकत घेतानाही असंच. लग्नात, गणपतीत लाऊडस्पीकर लावणाऱ्यांकडच्या जुन्या रेकॉर्डी स्वस्त मिळतात, पण त्या जड पिनेखाली शेकडो वेळा फिरलेल्या असतात. उजेडात तिरकी धरा. काळ्या चकाकीऐवजी राखाडी झाक दिसली तर कव्हर कितीही सुरेख असो, सोडून द्या. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ची एलपी किंवा गीतरामायणाचा संच चांगल्या अवस्थेत मिळाला तर मात्र घासाघीस करत बसू नका.

आता आपल्या वऱ्हाडच्या उन्हाचं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालचा माळा तर भट्टीच. तिथे आडव्या रचलेल्या व्हायनलच्या रेकॉर्डी आपल्याच ओझ्याने वाकतात. खाली आणा, भिंतीतल्या कपाटात पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. अमरावतीहून अकोल्याला नेताना उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटंही सोडू नका. कूलरसमोरही नको, ओल धरून कव्हरला बुरशी येते.

धुण्याबद्दल एकच, पण महत्त्वाचं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर काहीही लावायचं नाही. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, ते आठवा. ओलसर मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल, लगेच कोरडं. व्हायनलला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालतं. मधला कागद भिजू देऊ नका.

मशीन घरी आलं की गवंड्याकडून पाणसळ मागून आणा आणि थाळी सपाट बसली की नाही ते पाहा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. नातवंडं उड्या मारणारं घर असेल तर भिंतीतली फळी बरी.

आणि खोक्यात सगळ्याच ७८ निघाल्या, पैशाचीही ओढाताण असेल, तर प्लेअर घेऊच नका. गावात ज्यांच्याकडे ७८ ची पिन असलेलं चालू मशीन आहे त्यांना शोधा, एक दुपार मागा आणि हव्या त्या दहा तबकड्या मोबाइलमध्ये नाही, तर तार जोडून संगणकात उतरवून घ्या. तबकड्या मात्र त्यांच्याकडे ठेवून येऊ नका, त्याच पिशवीत घालून उभ्या घरी आणा.